ग्रंथातला ग्रह आणि आकाशातला ग्रह

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन डोंगरी तालुके मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते गडांमुळे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वराचे पठार ही नावे शाळेच्या पुस्तकापासूनच आपल्या मनात घर करून असतात. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे या मुलखाने स्वराज्याला माणसे दिली, हेही आपण वाचलेले असते. या मुलखातून कारभार करणाऱ्या राजाने एका ज्योतिष्याकडून एक लहानसा गणितग्रंथ लिहवून घेतला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. आम्हांला आज त्या ग्रंथाविषयी लिहावयाचे आहे. कारण त्याच्या आरंभीच्या एका शब्दात बुद्धी, शास्त्र आणि श्रद्धा यांच्या परस्परसंबंधाचा जुना प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाने आपल्या ख्रिस्तसभेलाही पुष्कळ काळ छळले आहे.

ग्रंथाचे नाव 'करणकौस्तुभ'. कर्ते कृष्ण दैवज्ञ. (जहांगीर बादशहाच्या काळी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ निराळे, नामसादृश्यामुळे घोटाळा होऊ नये.) ग्रंथातील गणिताचे आरंभवर्ष शके १५७५, म्हणजे इसवी सन १६५३. शिवाजीराजे तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. राज्याभिषेकाला अजून एकवीस वर्षे अवकाश होता, आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधलेला राजगड ही पुढे जवळजवळ पाव शतक टिकणारी राजधानी आकाराला येत होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाची दखल घेतली आहे, आणि पुढे पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत तो छापूनही निघाला. आरंभी कृष्ण दैवज्ञ आपल्याला झालेली आज्ञा नमूद करतात. ग्रहांची स्थिती काढण्यासाठी सुगम असे, आणि दृष्टी व गणित यांचे ऐक्य साधणारे करण तू रच, असे शिव नावाच्या नृपेंद्राने सांगितले, म्हणून हा ग्रंथ होत आहे, असा त्याचा भावार्थ आहे.

आज्ञेत अटी दोनच. गणित सोपे असावे, आणि ते आकाशाशी जुळावे. या दुसऱ्या अटीला ज्योतिषात 'दृग्गणितैक्य' असा शब्द आहे. पाटीवर मांडलेला गुरू आणि रात्री डोळ्यांना दिसणारा गुरू एकाच ठिकाणी असला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

नव्या राज्याला पंचांग कशासाठी हवे, असे कोणी विचारील. मुहूर्त, व्रते, ग्रहणे ही कारणे तर उघडच आहेत. पण राज्याचा व्यवहारही आकाशावर चालत असे. त्या काळच्या मराठी कागदांवर जो शुहूर सन आढळतो त्याला आपल्याकडे मृगसाल म्हणत, कारण सूर्याने मृग नक्षत्रात प्रवेश केला की त्याचे नवे वर्ष लागे. पेरणी, सारा, पावसाळ्यातील छावण्या हे सारे त्या एका दिवसाभोवती फिरणारे. मावळातील भातशेतीचा हिशेब आजही रोहिणी आणि मृग या नावांनीच होतो. तेव्हा सूर्य मृगात केव्हा गेला हे सांगणारे गणित बरोबर आहे की चूक, ही केवळ पंडितांच्या वादाची बाब नव्हती.

येथे 'करण' म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्योतिषाचे मोठे ग्रंथ ते सिद्धांत. ते सृष्टीच्या वा युगाच्या आरंभापासून गणित मांडतात, त्यामुळे त्यांतील आकडे प्रचंड असतात. करणग्रंथ हा व्यवहारासाठी केलेला. तो जवळचे एखादे वर्ष आरंभ म्हणून धरतो आणि तेथून पुढे मोजतो. सिद्धांताला ऋषींचे किंवा देवांचे नाव असते. सूर्यसिद्धांत तर प्रत्यक्ष सूर्याच्या आज्ञेने मयासुराला सांगितला गेला अशी त्याचीच कथा आहे. करणग्रंथ मात्र तुमच्याआमच्यासारख्या माणसाने, अमक्या शकात, अमक्या गावी बसून लिहिलेला असतो. आता प्रश्न असा, की देवाने सांगितलेल्या गणिताने गुरू एका ठिकाणी येतो आणि रात्री तो दुसरीकडेच दिसतो, तेव्हा श्रद्धावान ज्योतिष्याने काय करावे?

याचे उत्तर कृष्ण दैवज्ञांच्या आधी दीडशे वर्षे कोकणातील एका पितापुत्रांनी दिले होते. राजगडाच्या पश्चिमेला सह्याद्री उतरला की कोकण लागते. तेथे मुरूड-जंजिऱ्याजवळ समुद्राकाठी नांदगाव आहे. तेथील केशव दैवज्ञांनी शके १४१८ मध्ये, म्हणजे १४९६ साली, 'ग्रहकौतुक' नावाचे करण रचले. वास्को द गामा कालिकतला लागण्यापूर्वीची ही दोन वर्षे. केशवांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच टीका लिहिली आहे आणि तीत त्यांनी जे सांगितले ते आमच्या मते मराठी भूमीतील विचाराच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांनी ग्रह काढून पाहिले, तर त्यांचे एकमेकांशी जुळत नाही आणि आकाशाशीही जुळत नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. कोणता ग्रह कोणत्या पक्षाने किती चुकतो हे त्यांनी ताऱ्यांशी होणाऱ्या युती, उदय, अस्त पाहून ठरविले. आणि पुढे होणाऱ्या गणितज्ञांनीही आपापल्या काळी असेच वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत, असा उपदेश केला. आपला ग्रंथ शेवटचा आहे असा दावा त्यांनी केला नाही.

त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ बापाहून कीर्तिमान निघाले. त्यांचा 'ग्रहलाघव' शके १४४२ मधला, म्हणजे १५२० चा. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी तो रचला अशी परंपरा आहे. परंपरा अशा बाबतीत उदार असते. पण ग्रंथातील योजना खरोखरच चतुर आहे. त्यांनी ज्या आणि चाप यांची कटकट काढून टाकली, अकरा वर्षांचे म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र धरले, आणि मोठमोठे अंक टाळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रह कोणाचे घ्यावेत याबद्दल त्यांनी कोणत्याही एका पक्षाशी निष्ठा ठेवली नाही. सूर्य त्यांनी सूर्यसिद्धांताचा घेतला. चंद्र तेथलाच, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचाच, पण त्यात पाच अंश वाढवून. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, आणि शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मधोमध. असे केले म्हणजे हे ग्रह दृष्टीशी तुल्य होतात, एवढेच कारण ते देतात.

या आकड्यांकडे वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. पाच अंश म्हणजे पूर्णचंद्राची दहा बिंबे एकापुढे एक ठेवली तर होणारे अंतर. शनी इतका चुकत असेल तर तो कोणालाही दिसावा. पण नऊ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तेवढ्या फरकाने ग्रहणाची वेळ सुमारे पाऊण घटिका पुढेमागे होते. दुर्बीण नाही, लंबकाचे घड्याळ नाही. नळी, शंकू आणि पाण्यात बुडणारे घटिकापात्र एवढ्यावर हे पकडावयाचे. पुढे १६०९ साली योहान केपलर यांनी मंगळाच्या गणितात उरलेल्या आठ कलांच्या फरकासाठी दोन हजार वर्षांची वर्तुळे मोडून दीर्घवर्तुळ स्वीकारले, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आदराने सांगतात. गणेश दैवज्ञांनी वर्तुळे मोडली नाहीत, पृथ्वी हलविली नाही. आकडे तेवढे सुधारले. हा भेद मोठा आहे आणि तो झाकून आपल्या लोकांची थोरवी वाढविणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. तरी नऊ कलांची चूक चूकच आहे, ती देवाच्या नावावर खपवावयाची नाही, हा बाणा दोघांचा एकच.

आता श्रद्धेकडे वळू. केशव आणि गणेश नास्तिक नव्हते. देवतेला नमन केल्याशिवाय त्यांचा एकही ग्रंथ सुरू होत नाही. दोघांनाही मुहूर्तशास्त्र मान्य होते आणि केशवांचा 'मुहूर्ततत्त्व' हा ग्रंथ प्रसिद्धच आहे. (केपलरही सेनापती वालेनस्टाइनची कुंडली मांडीत होते, हे विसरू नये.) मग सूर्याने सांगितलेल्या शास्त्रात चूक काढताना त्यांच्या श्रद्धेचे काय झाले?

याचा उलगडा गणेशांच्या 'बृहत्तिथिचिंतामणी' या शके १४७४ मधील ग्रंथात होतो. तेथे त्यांनी ज्योतिषाची वंशावळच सांगितली आहे. ब्रह्मा, वसिष्ठ, कश्यप यांनी सांगितलेले ग्रहगणित त्यांच्या त्यांच्या काळी सत्य होते. पुढे ते शिथिल झाले. कृतयुगाच्या अखेरीस मयाला सूर्याकडून स्पष्ट गणित मिळाले. कलियुगात त्यातही अंतर पडले. मग पराशर, मग आर्यभट, मग वराहमिहिर आणि इतर, मग ब्रह्मगुप्त. प्रत्येकाने वेध घेऊन घट्ट केले आणि प्रत्येकाचे पुन्हा सैल झाले. माझ्या वडिलांनी ते फारच स्पष्ट केले, साठ वर्षांत तेही किंचित सैल झालेले पाहून मी नीट केले. आणि पुढे कधी माझेही सैल झाले तर सद्गुरूकडून ज्यांच्या बुद्धीला प्रकाश मिळाला आहे त्यांनी चंद्रग्रहणे व ताऱ्यांचे योग पुन्हापुन्हा पाहून सयुक्तिक रीतीने दुरुस्ती करावी, असे ते लिहितात.

या यादीत बाप आहे, ऋषी आहेत, देवही आहेत, आणि सैल होण्याचा नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे. तरीही हे लिहिताना अनादराचा लवलेश नाही. सूर्यसिद्धांतानेच त्यासाठी दार उघडे ठेवले होते: शास्त्र तेच पुरातन आहे, युगांच्या फिरण्यामुळे काळाचा भेद तेवढा पडतो, अशा अर्थाचे वचन त्याच्या पहिल्याच अध्यायात आहे. परंपरेने दिलेले पुढे चालवावयाचे तर ते दुरुस्त करीतच चालवावे लागते, अशी या माणसांची समजूत होती. ज्याला दृष्टी मिळाली आहे त्याने ती न वापरणे हा गुरूचा अपमान, असा त्यांच्या शब्दांचा रोख आम्हांला दिसतो.

सगळेच असे निर्धास्त नव्हते. ग्रहण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेने होते हे आर्यभटांनी ४९९ साली सांगितले होते. ६२८ साली ब्रह्मगुप्तांनी, राहू हे ग्रहणाचे कारण नव्हे असे म्हणणे वेद, स्मृती आणि संहिता यांच्या विरुद्ध आहे असा आक्षेप घेतला. गंमत अशी की त्याच ग्रंथात ग्रहणाचे गणित ते स्वतः छायेनेच करतात! अल्बिरूनीने अकराव्या शतकात हे वाचले तेव्हा त्याला या थोर गणितज्ञाची कीव आली आणि सॉक्रेटिसाच्या मरणाची आठवण झाली. लोकमताच्या धाकाने हा असे बोलला असावा, अशी शंका त्याने घेतली. बाराव्या शतकात, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे त्या भास्कराचार्यांनी, ब्रह्मदेवाच्या वराने राहू छायेत शिरतो अशी तडजोड काढली. विद्वान माणसाला एका हाताने गणित करावयाचे आणि दुसऱ्या हाताने ते झाकावयाचे, अशी वेळ यावी हे दुःखदायक आहे. आमच्या वाचकांना येथे दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही, आणि त्याच्याकडे आम्ही येतच आहोत.

पण आधी पंचांगाचाच धागा पुढे नेऊ. पुनरुत्थानाचा सण दर वर्षी निराळ्या तारखेला का येतो, असे मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतात. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा त्याचा नियम. म्हणजे आपला सर्वांत मोठा सण सूर्य, चंद्र आणि वार या तिघांच्या मेळाने ठरतो, आणि राखेच्या बुधवारापासून पेंटेकॉस्टपर्यंतचा सारा काळ त्याला बांधलेला असतो. ३२५ साली निसियाची धर्मपरिषद भरली त्या काळी वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास होत असे, आणि पुढे चर्चच्या गणितात तीच तारीख कायम झाली. परंतु ज्यूलियन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे. सव्वाशे-एकशे तीस वर्षांनी एक दिवस चुके. सोळाव्या शतकात आकाशातील संपात ११ मार्चला येऊन ठेपला होता आणि ग्रंथातील संपात २१ मार्चलाच उभा होता. गणेश दैवज्ञांच्या भाषेत सांगायचे तर गणित दहा दिवसांनी सैल झाले होते.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी नेमलेल्या मंडळात येशूसंघाचे गणिती क्रिस्तोफर क्लॅव्हियस होते; 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे आपले फादर स्टीफन्स याच संघाचे, आणि ते त्या वेळी गोव्यात येऊन तीनच वर्षे झाली होती. २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोपमहाशयांनी आज्ञापत्र काढले आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख आली. आकाश बरोबर आणि पुस्तक चूक, हे चर्चने अधिकृतपणे मान्य केले, आणि तेही उपासनेसाठी. पुष्कळ प्रॉटेस्टंट देशांनी मात्र दुरुस्ती पोपची आहे एवढ्याच कारणाने ती नाकारली. इंग्लंडने १७५२ पर्यंत वाट पाहिली. केपलर स्वतः ल्यूथरपंथी होते, तरी १६१३ साली रेगेन्सबुर्गच्या सभेत त्यांनी या दुरुस्तीची बाजू मांडली.

करणकौस्तुभाच्या आरंभवर्षानंतर दोनच वर्षांनी, १६५५ मध्ये, बोलोन्या शहरातील संत पेत्रोनियसच्या महामंदिरात जिओव्हानी कासिनी यांनी जे केले ते या संदर्भात फार बोलके आहे. चर्चच्या उंच छतात, जमिनीपासून सुमारे २७ मीटरवर, त्यांनी एक लहान छिद्र ठेवविले आणि खाली फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा बसविली. दररोज दुपारी सूर्याचा कवडसा या रेषेवरून जातो. हिवाळ्यात दूर, उन्हाळ्यात भिंतीजवळ. आपल्याकडील बारा अंगुळांच्या शंकूचेच हे भव्य रूप. (राजगड-भोरच्या अक्षांशावर विषुवदिनी दुपारी तशा शंकूची छाया चार अंगुळांना किंचित कमी भरते, उत्साही वाचकांनी २१ मार्चला अंगणात मोजून पाहावी.) संपाताचा क्षण नेमका मिळावा आणि ईस्टरचे गणित पक्के व्हावे हा तेथे हेतू होता. पण कासिनींनी कवडशाचा व्यासही मोजला. सूर्य दूर जातो तसे त्याचे बिंब किती लहान होते हे पाहिले, आणि ते माप केपलरच्या बाजूचे निघाले. पोपच्या राज्यातील एका शहरात, प्रार्थनामंदिराच्या फरशीवर, गॅलिलिओला शिक्षा होऊन बावीस वर्षे लोटली नाहीत तोच हे घडले.

गॅलिलिओंचे प्रकरण आपल्या वाचकांना सामान्यतः माहीत आहे. १६१३ च्या डिसेंबरात आपले शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली या बेनेदिक्तीन साधूंना त्यांनी पत्र लिहिले, त्यातील युक्तिवाद असा: पवित्र शास्त्र आणि निसर्ग ही दोन्ही एकाच परमेश्वराकडून आलेली, शास्त्राची भाषा लोकांच्या समजुतीला धरून असते म्हणून तिचा अर्थ लावावा लागतो, निसर्ग मात्र कोणाच्या समजुतीसाठी आपला नियम सोडीत नाही. या युक्तिवादात नवे फारसे नव्हते. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना पाचव्या शतकातच बजावले होते, की आकाशाविषयी ज्याला अनुभवाने ज्ञान आहे अशा अख्रिस्ती माणसापुढे ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू नये. ज्या गोष्टी त्याला ठाऊक आहेत त्यांत आपण चुकताना दिसलो, तर पुनरुत्थानाविषयी तो आपले का ऐकील? कार्डिनल बेलार्मीन यांनीही एप्रिल १६१५ च्या पत्रात मान्य केले होते, की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर शास्त्रवचनांचा अर्थ फार सावधपणे लावावा लागेल, आणि सिद्ध झालेले खोटे म्हणण्यापेक्षा आपल्याला वचन समजले नाही असे म्हणणे बरे. तसा पुरावा मिळेल असे त्यांना वाटत नव्हते. १६१६ साली कोपर्निकसचे पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत स्थगित झाले. १६३३ साली वृद्ध गॅलिलिओंना गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले. त्यांचा 'संवाद' निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गळाला तो १८३५ मध्ये, आणि त्यांच्या न्यायाधीशांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे बोलून दाखविली.

आम्हांला या प्रकरणात एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. आपल्यातील काही मंडळी गॅलिलिओ म्हटले की लगेच कासिनी आणि क्लॅव्हियस यांची नावे पुढे करून मोकळी होतात. कासिनींची रेषा खरी आहे. तिच्यामुळे १६३३ चा निवाडा योग्य ठरत नाही. उलट तत्त्व ठाऊक असलेल्या, आपल्याच हातांनी पंचांग दुरुस्त करणाऱ्या संस्थेने त्या तत्त्वाला पाठ दाखवावी, म्हणून तो अधिकच लागतो. दुसऱ्या बाजूला, चर्च आणि विज्ञान यांचे हाडवैर असल्याचे सांगणाऱ्यांनी बोलोन्याच्या फरशीवर एकदा उभे राहून पाहावे.

आणि आपल्या इकडे काय झाले? गणेश दैवज्ञांचा ग्रंथ इतका सोयीचा होता की महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात अशा दूरदूरच्या प्रांतांत पंचांगे त्यावरून होऊ लागली. करणकौस्तुभ मागे पडला, ग्रहलाघव मात्र तीनशे वर्षे घरोघर राहिला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या गणिताने ग्रहणे आणि युती चुकू लागल्या. नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी, जे टिळकांचे गुरू होते आणि तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून तयार झाले होते, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने नवे शुद्ध पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले. सैल झाले तर दुरुस्त करा, ही गणेशांचीच आज्ञा छत्र्यांनी पाळली होती. पण तोवर गणेश दैवज्ञच आर्ष होऊन बसले होते! तिथी फार तर पाच घटिकांनी वाढते आणि सहा घटिकांनी घटते, असे धर्मशास्त्रात धरलेले आहे. शुद्ध गणिताने चंद्र याहून अधिक पुढेमागे होतो. म्हणून शुद्ध गणित धर्मकृत्यांना चालणार नाही, असा आक्षेप विद्वानांनी घेतला. ग्रहणापुरते नवे आकडे घ्यावेत आणि एकादशी जुन्यानेच करावी, असेही सुचविले गेले. १९०४ साली मुंबईस टिळकांच्या पुढाकाराने ज्योतिष्यांची परिषद भरली, पुढेही परिषदा झाल्या. एकमत झाले नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना निराळा पडल्यामुळे काही वर्षी गणेशचतुर्थी शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर येते, ती या वादाचीच आठवण आहे.

ज्याने आपल्या बापाचे गणित साठ वर्षांत सैल झालेले लिहून ठेवले, त्याच्या पोथीला हात लावणे पाप ठरावे, यात लबाडी कोणाची नव्हती. छत्र्यांना विरोध करणारे शास्त्री प्रामाणिक होते, तसे १६३३ चे न्यायाधीशही बहुतेक प्रामाणिक होते. पूर्वजांविषयीचा आदर पूर्वजांच्या आकड्यांवर बसला, आणि ते आकडे ज्या डोळ्यांनी मिळविले त्या डोळ्यांवरून उठला.

कृष्ण दैवज्ञांच्या करणाला आता पावणेचारशे वर्षे होत आली. नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे सत्तर-बहात्तर वर्षांत मृग एका दिवसाने पुढे सरकतो. राजगडावरून ज्या मृगाच्या दिवशी नवे साल धरले जाई, तो दिवस ऋतुमानात तेव्हापासून पाच दिवस तरी उशिरा येऊ लागला आहे. सध्या तो ७-८ जूनला येतो. चर्चचे पंचांगही पूर्ण शुद्ध नाही. ग्रेगरींचे वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारे सव्वीस सेकंद मोठे आहे, आणि तीन हजारांहून काही अधिक वर्षांनी त्यातही एक दिवस काढावा लागेल.